हाउसकीपिंग कंपनी, ठेकेदाराची माणसं आणि 'मॉडर्न स्लेव्हरी'ची प्रश्नावली: सांगली-साताऱ्यात नेमकं काय तपासायचं?

कुपवाड_सर्व्हिसेस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची हाउसकीपिंग आणि पॅन्ट्रीची छोटी कंपनी आहे. मिरजेतली दोन हॉस्पिटलं, कुपवाड एमआयडीसीतले तीन कारखाने आणि सातारा एमआयडीसीत एक युनिट एवढं काम आहे. आमच्या पटावर ४६ माणसं आहेत, शिवाय दोन लेबर ठेकेदारांकडून २० ते २५ येतात. रात्रीचे वॉचमन, युनिफॉर्म शिलाई, हॉस्पिटलची लाँड्री, सेप्टिक टँकचा टँकर आणि पॅन्ट्रीचा चहा-नाश्ता बाहेरून घेतो.

साताऱ्याच्या युनिटची मूळ कंपनी ब्रिटनची आहे. त्यांच्याकडून 'मॉडर्न स्लेव्हरी'ची (आधुनिक गुलामगिरीची) लांबलचक प्रश्नावली आली आहे, सोबत सही करायला एक धोरण. सल्लागार म्हणतो सगळीकडे 'लागू नाही' लिहा आणि पाठवून द्या. तसं करायचं नाही. ठेकेदाराची माणसं जत-आटपाडीकडची आहेत, काही माण-खटावची, सात-आठ जण ओडिशा-झारखंडचे. दोन्ही ठेकेदार उचल (आगाऊ पैसे) देऊनच माणूस आणतात, हे उघड आहे.

मला विचारायचंय ते असं. आमच्यासारख्यांना हा मॉडर्न स्लेव्हरीचा कायदा लागतो का? उचल दिली की लगेच वेठबिगारी होते का? पुरवठादारांपैकी कुणाला आधी तपासायचं आणि काय विचारायचं? आणि खरंच काही सापडलं तर पहिल्या दिवशी काय करायचं?

हजेरीपट

कायद्याचं आधी सांगतो.

ब्रिटनचा २०१५ चा कायदा वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांकडून, गुलामगिरी रोखायला काय केलं याचं, निवेदन मागतो. ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढच्यांना आहे. तुम्हाला यातलं थेट काही लागत नाही. तुमच्या ग्राहकाला लागतं, म्हणून तो तुम्हाला विचारतो. प्रश्नावली ही त्याची गरज. पण प्रश्नावलीत ज्याबद्दल विचारलंय तो आपल्याकडे फार आधीपासून गुन्हा आहे. राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं आणि १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा धंदा लहान की मोठा हे बघतच नाही. एक माणूस असला तरी लागतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा बघून कुणी हलक्यात घेऊ नये, कैद खरी आहे आणि मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे.

आता उचल. नुसती उचल गुन्हा नाही. उचलीच्या बदल्यात चारपैकी एक जरी गोष्ट माणसाकडून काढून घेतली तर ती वेठबिगारी: योग्य मजुरी, दुसरीकडे काम धरण्याचं स्वातंत्र्य, हवं तिथं जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य, किंवा आपला माल वा श्रम बाजारभावाने विकण्याचा हक्क. म्हणजे ठेकेदाराने १५,००० दिले, माणूस महिन्याला हजार फेडतोय, मधेच सोडून गेला तर हिशोब करून जातोय, तर ते कर्ज आहे. 'बाकी फिटल्याशिवाय गाव सोडायचं नाही' असं झालं की ती वेठबिगारी. साखळी-कुलूप लागत नाही.

दोन निकाल माहीत असू द्या. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेल्या कामालाच सक्तीचं काम म्हटलं. भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्ती, असा त्यामागचा विचार आहे. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात सांगितलं की सक्तीने काम होत असल्याचं दिसलं तर त्यामागे उचल असणार असंच गृहीत धरायचं. आणि कायद्यात पुराव्याचा भार कर्ज देणाऱ्यावर आहे. कामगार म्हणाला 'हे वेठीचं कर्ज आहे', तर ते तसं नाही हे ठेकेदाराने दाखवायचं.

सल्लागाराला हे वाचायला द्या.

चलन_आणि_मस्टर

वरचं बरोबर आहे, पण तपास ठेकेदारापासून सुरू करू नका. आधी स्वतःचा दर तपासा. ज्या दरात कायदेशीर पगार बसतच नाही तो दर देऊन नंतर ठेकेदाराकडून नीतीची हमी मागण्याला अर्थ नाही.

हिशोब असा. समजा तुमच्या परिमंडळात त्या कामाचं किमान वेतन, विशेष भत्त्यासह, महिन्याला १३,००० आहे. (हा आकडा फक्त उदाहरणाला. खरा कामगार विभागाच्या परिपत्रकातून घ्या. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. जुलैत ग्राहकाचा दर वाढवून न घेतल्यामुळे पुढचे सहा महिने पगार कमी पडतो, हे सगळ्यात जास्त ठिकाणी घडतं.) त्यावर मालकाचा पीएफ, प्रशासन खर्चासह, १३ टक्के म्हणजे १,६९०. ईएसआयसी (कामगार विमा) ३.२५ टक्के, ४२३. बोनस ८.३३ टक्के, १,०८३. झाले १६,१९६. काम तीसही दिवस हवं असेल तर चार सुट्ट्यांना बदली माणूस लागतो: १६,१९६ ला २६ ने भागून चारने गुणा, २,४९२. एकूण १८,६८८. यात भर पगारी रजा, युनिफॉर्म, साबण-हातमोजे आणि ठेकेदाराचा नफा अजून आलेला नाही.

आता ठेकेदार 'सगळं धरून १६,०००' म्हणतो. माणसामागे २,६८८ रुपये कमी आहेत. ते कुठून निघतात? पीएफ भरायचा नाही, खाडे जास्त दाखवायचे, सुट्टीच्या दिवशी त्याच माणसाला फुकट राबवायचं, किंवा खोलीभाडं-जेवण-उचल म्हणून कापायचं. चौथा मार्ग सगळ्यात वाईट, कारण त्यात कर्ज वाढत जातं. दर ठरवताना एवढी एक वजाबाकी केली तर निम्मी प्रश्नावली तिथंच सुटते.

वॉचमनचं वेगळं सांगायला हवं. बारा तासांची पाळी स्वस्त पडते हा समज चुकीचा आहे. आठवड्याला ४८ तास धरा. बारा तासांनी सहा दिवस म्हणजे ७२ तास. वरचे २४ तास दुप्पट दराने, म्हणजे ४८ तासांचे पैसे. एका आठवड्याच्या कामाला दोन आठवड्यांचा पगार द्यावा लागतो. एक जागा चोवीस तास भरायला तीन आठतासी पाळ्यांना २४ तासांचे पैसे पडतात, दोन बारातासींना ३२ तासांचे. कायद्याने चाललं तर बारातासी पाळी एक-तृतीयांशाने महाग आहे. ती स्वस्त मिळत असेल तर जादा कामाचे पैसे बुडतायत, दुसरं कारण असूच शकत नाही. वॉचमनच्या एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याचा परवाना आहे का हेही बघा.

'आमच्याकडे माणसं कमी, आम्हाला पीएफ लागत नाही' हे ठेकेदाराचं उत्तर चालत नाही. तुमच्या आस्थापनेला पीएफ लागतो आणि ठेक्यावरची माणसं तुमच्याच कामावर मोजली जातात. पगाराचंही तेच: ठेकेदाराने बुडवला तर तो तुमच्या गळ्यात येतो. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यातल्या वेतन संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, काम सोडल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण हिशोब, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त नाहीत. आणखी एक: ठेका कामगारांच्या परवान्याची अट ५० माणसांपासून आहे. म्हणून दहा-वीस माणसांच्या ठेकेदाराला 'लायसन आहे का' विचारून काहीच कळत नाही.

कागद तपासताना ठेकेदाराने दिलेलं पीएफचं चलन बघून फाइल बंद करू नका. तेच एक चलन तो पाच ग्राहकांना दाखवतो. माणसागणिक ईसीआर (कुणाच्या नावावर किती पीएफ भरला याचं महिन्याचं विवरण) मागा आणि तुमच्या गेटच्या हजेरीशी जुळवा. तीन गोष्टी बघायच्या. गेटवर आहे पण ईसीआरमध्ये नाही असं कोण? पीएफ ज्या पगारावर भरला तो किमान वेतनाएवढा आहे का? आणि गैरहजर दिवसांचा रकाना. गेटवर २६ दिवस भरलेल्या माणसाचे ईसीआरमध्ये १० दिवस गैरहजर दिसले तर उरलेल्या दिवसांचं काय झालं ते त्या माणसालाच विचारावं लागेल.

कामगारालाही स्वतः बघता येतं. यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) चालू असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की पीएफची शिल्लक मेसेजने येते. हे सगळ्यांना एकदा करून दाखवा. मेसेज आलाच नाही तर बऱ्याचदा नंबर सुपरवायझरचा टाकलेला असतो. तेही कळणं महत्त्वाचं.

खोलीवर_जाऊन_बघा

चलनवाल्यांच्या हिशोबाला जोडून. कागद जुळला तरी पैसे माणसाच्या हातात राहतात का, हा प्रश्न उरतोच. पगार बँकेत पडतो, दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सगळ्यांची एटीएम कार्डं घेऊन जातो, ठरलेली रक्कम परत आणून देतो. पासबुक उघडलं की लगेच दिसतं: आठ-दहा जणांच्या खात्यातून त्याच तारखेला, त्याच एटीएममधून, काही मिनिटांच्या अंतराने सारख्या रकमा निघालेल्या. हल्ली कार्डाऐवजी मोबाइलवरून एकाच नंबरवर पैसे वळवले जातात. पगारानंतरच्या तीन दिवसांच्या नोंदी बघायच्या, त्याही कामगाराच्या संमतीने आणि सुपरवायझर नसताना.

बोलायचं कसं, हे सगळ्यात जास्त बिघडतं. ऑफिसात बोलावून, समोर फॉर्म ठेवून, 'काही त्रास आहे का?' विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. पाळी सुटताना किंवा चहाच्या वेळी, दोघा-तिघांशी, बाई असेल तर बाईनेच बोलावं. ओडिशा-झारखंडच्या मुलांशी हिंदीत बोलता येईल, पण दुभाष्या म्हणून ठेकेदाराचा माणूस नको. 'तुमच्यावर जबरदस्ती होते का?' हा प्रश्न कधीच विचारू नका. साधे, आकड्याचे, लगेच तपासता येतील असे प्रश्न विचारा:

– आज काम सोडलं तर कुणाचे किती द्यायचे राहतात? तो आकडा तुम्हाला कुणी लिहून दिलाय का?
– मागच्या महिन्यात किती दिवस भरले, हातात किती आले?
– आधार कार्ड आत्ता कुठं आहे? एटीएम कार्ड?
– गावाला जायचं म्हटलं तर कुणाला विचारावं लागतं? मागच्या वेळी कधी गेला होता?
– ही नोकरी लागायला कुणाला पैसे दिले का? युनिफॉर्मचे, डिपॉझिटचे, पोलीस पडताळणीचे?
– खोलीचं भाडं किती, कोण कापतं, खोलीत किती जण?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं. 'किती राहिलेत ते मुकादमालाच ठाऊक' असं आलं तर तिथं थांबा आणि खोलात जा. ज्या कर्जाचा आकडा फक्त देणाऱ्याला माहीत असतो ते कधी फिटत नाही. खाडा झाला की दंड, आजारी पडला की दवाखान्याचे दामदुप्पट, सणाला गेला की नवी उचल, सगळं एकाच वहीत चढतं आणि वही ठेकेदाराच्या खिशात.

मूळ आधार कार्ड ठेवून घेणं कुठल्याच कामासाठी लागत नाही. झेरॉक्स पुरते. 'हरवेल म्हणून जपून ठेवलंय' हे उत्तर सगळीकडे मिळतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या कामाची ११ लक्षणं सांगितली आहेत, त्यात कागदपत्रं अडकवणं, पगार रोखणं, कर्जात अडकवणं, हालचालींवर बंधन, अतिरेकी जादा काम ही सगळी येतात. त्यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणून लगेच गुन्हा ठरवू नका, पण दोन-तीन एकत्र दिसली तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका.

आपल्या भागात एक गोष्ट हमखास सुटते. ऊसतोडीचा पट्टा पडला (हंगाम संपला) की मार्च-एप्रिलनंतर काही मजूर, बीडकडचे आणि आपल्याकडचेही, गावी न जाता बांधकामाला, भट्टीवर किंवा तुमच्यासारख्यांच्या ठेकेदाराकडे येतात. अंगावर टोळीच्या मुकादमाची बाकी असते आणि दोन मुकादम आपसात ती 'वळती' करून घेतात. त्या माणसाने तुमच्या ठेकेदाराकडून एक रुपया घेतलेला नसतो, तरी तो बांधलेला असतो. म्हणून 'आमच्याकडून उचल घेतली का' एवढंच विचारलंत तर हे कधी कळणार नाही. कोयत्याची (ऊसतोडीच्या जोडीची) उचल नवरा-बायको दोघांवर मिळून असते, त्यामुळे एकाला कामावर ठेवून दुसऱ्याला दुसरीकडे धाडलंय का तेही विचारा.

आणि स्वतःच्या सुपरवायझरकडे बघा. महिना दहा टक्क्यांनी पैसे देणारा सुपरवायझर हा हाउसकीपिंगमधला फार जुना रोग आहे. हजेरी त्याच्या हातात, ड्युटी त्याच्या हातात, कर्जही त्याचंच. परवान्याशिवाय सावकारी २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. नेमणूकपत्रातच लिहा की सुपरवायझरने हाताखालच्या माणसाला व्याजाने पैसे दिले तर नोकरी जाईल.

कुपवाड_सर्व्हिसेस

मनापासून आभार. दराची वजाबाकी केली. एका ठेकेदाराचा दर बसत नाही, साताऱ्याच्या कामाचा तर अजिबात नाही. ग्राहकाशी बोलावं लागणार.

ठेकेदारांशी बोललो तर दोघांचं एकच: 'उचल बंद केली तर माणूस येणार नाही, शेजारचा घेऊन जाईल.' एकाने सहा जणांची आधार कार्डं कपाटात ठेवली आहेत आणि स्टॅम्पपेपरवर बाकी लिहून घेतली आहे. ती बाकी आम्ही भरून माणसं मोकळी करावी आणि पगारातून हळूहळू वळती करावी, असा विचार आहे. बरोबर होईल का?

हजेरीपट

नाही. हे करू नका. हेतू चांगला आहे, पण तुम्ही बाकी भरून ती पगारातून वळती करायला लागलात की कर्ज तेच राहतं, फक्त धनी बदलतो. शिवाय ते कर्ज वेठीचं असेल तर १९७६ च्या कायद्याने ते आधीच संपलेलं आहे. संपलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणं हाही ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. म्हणजे तुमचे पैसे घेऊन ठेकेदार आणखी एका गुन्ह्यात जाईल आणि त्या व्यवहाराची पावती तुमच्या नावावर असेल.

सहा जणांची आधार कार्डं आणि स्टॅम्पपेपर, एवढं दिसल्यावर हा आता 'ठेकेदाराला समजावण्याचा' विषय राहिलेला नाही. पण घाईत दम देऊ नका. ठेका तडकाफडकी रद्द केला की त्याच रात्री टेम्पो येतो, माणसं दुसऱ्या जिल्ह्यात जातात आणि 'तुमच्यामुळे काम गेलं' म्हणून बाकी आणखी वाढते. पुष्कळ कंपन्यांच्या धोरणात 'आढळल्यास तात्काळ करार रद्द' असं कलम असतं. ग्राहकाच्या मसुद्यातही असेल. ते बदलून घ्या. ठेकेदार बदलायचा तो माणसं सुरक्षित झाल्यावर.

क्रम असा ठेवा. आधी त्या सहा जणांशी वेगळं बोला आणि त्यांना काय हवंय ते ऐका; कुणाला गावी जायचं असेल, कुणाला इथंच काम हवं असेल. त्यांच्या गेटवरच्या हजेरीच्या नोंदी, पासबुकच्या प्रती आणि मिळाला तर स्टॅम्पपेपरचा फोटो ऑफिसबाहेर एका सुरक्षित जागी ठेवा. मग लेखी अर्ज. १९७६ च्या कायद्यात अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत, ते प्रांताधिकारी-तहसीलदारांकडे सोपवता येतात आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात. अर्ज प्रांतांकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, पोच सही-शिक्क्यासह. अर्जात 'वेठबिगारी' हा शब्द आणि १९७६ च्या कायद्याचा उल्लेख हवाच. नुसतं 'पगार थकला' लिहिलंत तर अर्ज कामगार कार्यालयाकडे जातो आणि वेतनाचा साधा वाद म्हणून चालतो.

चौकशीत सिद्ध झालं की मुक्तता प्रमाणपत्र मिळतं. ते मूळ कामगाराच्या हातात पडलं पाहिजे, पुनर्वसनाचा हक्क त्यावर उभा आहे. केंद्राच्या योजनेत लगेच ३०,००० पर्यंत मदत आहे. पूर्ण रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, लैंगिक शोषण वा तस्करीसारख्या टोकाच्या प्रकरणात ३ लाख. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्यामुळे रखडते, म्हणून मधल्या काळात काम आणि राहायची जागा तुम्ही देऊ शकलात तर त्याला फार किंमत आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, फोन १५१००. मूल असेल तर १०९८. मारहाण, कोंडून ठेवणं किंवा आज रात्री माणसं हलवली जातील अशी शंका असेल तर अर्जाची वाट न बघता ११२.

चलन_आणि_मस्टर

उचलीच्या पर्यायाबद्दल. 'उचल बंद' असं फर्मान काढून चालणार नाही, ठेकेदार एवढ्यापुरतं खरं बोलतोय. जून-जुलैत शाळेचा खर्च, पेरणी, आजारपण, पैसा लागतोच. उचलीचा देणारा बदलायचा आणि अटी बदलायच्या.

कंपनीने स्वतः आगाऊ रक्कम द्यावी. मर्यादा जास्तीत जास्त एक महिन्याचा पगार, व्याज शून्य, हप्ता महिन्याच्या पगाराच्या दहा टक्क्यांपुढे नाही. आधीची फिटल्याशिवाय दुसरी नाही, अपवाद फक्त दवाखान्याचा. प्रत्येक पगाराच्या चिठ्ठीवर मराठीत (हवं तर हिंदीत) एक ओळ: घेतले किती, फिटले किती, राहिले किती. नोकरी सोडताना शेवटच्या हिशोबातून नियमात बसेल तेवढं वळतं करा, उरलेलं सोडून द्या. ही शेवटची अट लोकांना जड जाते. पण 'राहिलेले द्या, मगच जा' म्हणता येणार नाही, ही हमी नसेल तर बाकी सगळ्या अटी कागदावरच्या. पंचवीस माणसांमागे वर्षाला दोघा-तिघांचे पैसे बुडतील असं धरून ती रक्कम दरात घाला.

ठेकेदाराच्या करारात तीन ओळी पुरतात: माणसाकडून नोकरीचे पैसे घ्यायचे नाहीत, मूळ कागद ठेवायचे नाहीत, उचल द्यायची असेल तर कंपनीच्या याच अटींवर आणि नोंद कंपनीकडे. त्याच्या बदल्यात तुम्ही त्याचं बिल वेळेवर द्या. ९० दिवसांनी बिल देणारी कंपनी ठेकेदाराला ७ तारखेचा पगार कसा मागणार? त्याने तो व्याजाने आणलेल्या पैशातून भागवला की ते व्याज खाली उतरतं. जमलं तर पगाराची रक्कम वेगळी काढून थेट कामगाराच्या खात्यात टाका आणि ठेकेदाराला फक्त त्याचं कमिशन द्या. सगळ्यात जास्त फरक याने पडतो.

पुरवठादार_यादी

पुरवठादारांचा प्रश्न राहिला. सगळ्यांना तीच प्रश्नावली पुढे ढकलू नका. आष्ट्यातल्या चार मशीनच्या शिलाईवाल्या बाईंना ४० प्रश्नांचा फॉर्म पाठवून कुणाचंच भलं होत नाही. क्रम लावा. माणूस स्थलांतरित आहे का, मालकाच्या जागेतच राहतो का, पैसे नगावर मिळतात का, काम रात्री वा नजरेआड चालतं का? ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त 'हो' येतील तिथं आधी जा.

तुमच्या यादीत माझ्या मते लाँड्री पहिली. हॉस्पिटलचे कपडे रात्री धुतले जातात, माणसं बहुतेक वेळा तिथंच झोपतात, परराज्यातली असतात आणि तुमचं तिकडं कुणी जात नाही. कपडे न्यायच्या गाडीबरोबर रात्री एकदा जा. झोपायची जागा बॉयलर-ड्रायरच्या खोलीतच आहे का, बाहेरच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप असतं का, प्यायचं पाणी आणि संडास आहे का, हातमोजे आहेत का. बाहेरून लावलेलं कुलूप दिसलं तर ते आगीच्या दृष्टीनेही जिवावरचं आहे. त्याच रात्री काढायला लावा. न उघडल्यास ११२.

सेप्टिक टँकबद्दल थोडं कडक बोलतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे, पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टँकरवाला 'गाळ बसलाय, पोरगा उतरेल, पाचशे जादा' म्हणतो तेव्हा कोण उतरतो हे विचारा. बहुतेकदा ज्याला नाही म्हणता येत नाही तोच. कामाच्या ऑर्डरवर 'माणूस उतरवायचा नाही, उतरवल्यास बिल नाही' असं लिहा आणि काम चालू असताना तुमचा माणूस झाकणापाशी उभा करा.

चहा-नाश्ता: ट्रे घेऊन येणारा मुलगा १४ च्या आतला असेल तर तो बालकामगार, चहा तुमच्या ऑफिसात आला तरी. १४ ते १८ मधल्याला धोक्याच्या कामात ठेवता येत नाही. मुलाला हाकलून देऊ नका, १०९८ ला कळवा. शिलाईत नगाचा दर आठ तासांना गुणून किमान वेतन येतं का एवढं बघितलं तरी पुष्कळ. मार्केट यार्डातून माल उतरवायला हमाल घेत असाल तर माथाडी मंडळाची नोंदणी विचारा. बाकीचं किरकोळ आहे.

वार्षिक ऑडिट वगैरे छोट्या कंपनीने करू नये असं माझं मत. तारीख सांगून केलेल्या ऑडिटला खोल्या धुतलेल्या असतात. त्याऐवजी वर्षातून चार वेळा, पगारानंतरच्या आठवड्यात, न सांगता एका ठिकाणी जाऊन पाच जणांशी बोलणं जास्त उपयोगाचं. तक्रारीसाठी पेटी ठेवता ती सुपरवायझरच्या टेबलाशेजारी नको. एक वेगळा मोबाइल नंबर घ्या, तो मालकाने किंवा ठेक्याशी संबंध नसलेल्या बाईने उचलायचा, आणि तो नंबर पगाराच्या चिठ्ठीवर छापा. भिंतीवरच्या कागदाकडे बघणाऱ्याला बाकीचे बघत असतात, चिठ्ठी घरी जाते. बायकांच्या छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती दहा माणसांपासून सक्तीची आहे, ती वेगळी ठेवा.

कुपवाड_सर्व्हिसेस

प्रांतांकडे अर्ज तयार करतोय. त्या सहा जणांपैकी चौघांना इथंच काम हवंय, त्यांना थेट आमच्या पटावर घेणार. शेवटचा प्रश्न: प्रश्नावलीत 'गेल्या १२ महिन्यांत आधुनिक गुलामगिरीची प्रकरणं आढळली का?' असं विचारलंय. 'हो' लिहिलं तर काम जाईल का?

खोलीवर_जाऊन_बघा

जाऊ शकतं, खोटं सांगत नाही. पण ज्या ग्राहकाला स्वतःचं निवेदन छापायचंय त्याला वीस पुरवठादारांकडून वीस कोरी 'नाही' आली की तोच संशयाने बघतो. काय सापडलं, कधी, तुम्ही काय केलं आणि काय बाकी आहे, हे चार ओळींत लिहा. साधारण असं: 'एका लेबर ठेकेदाराकडे सहा कामगारांची मूळ ओळखपत्रं आणि कर्जाचे लेखी करार आढळले. कामगारांच्या संमतीने प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे. चौघांना थेट नोकरीवर घेतलं. आगाऊ रकमेचं नवं धोरण अमुक तारखेपासून लागू. सध्याच्या दरात किमान वेतन आणि वैधानिक खर्च बसत नाहीत, सुधारित दरपत्रक सोबत जोडलं आहे.'

कामगारांची नावं, गावं, फोटो यातलं काहीही त्यात नको. ईमेल पाठवण्याआधी त्या सहा जणांना मजकूर वाचून दाखवा. आणि सुधारित दरपत्रक खरंच जोडा, चलनवाल्यांनी दिलेल्या हिशोबासकट.